मुकादमाची वही

दसरा उलटला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं हलकी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही फाट्यावर संध्याकाळी उभं राहावं, ट्रक दिसतोच. आत पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, ताडपत्री, दोरीनं बांधलेली भांडी, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसं. गावात मागं उरतात म्हातारे, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी पोरं आणि दारांवरची कुलपं. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गाव असंच अर्धं राहतं.

अशाच एका फाट्यावरच्या चहाच्या टपरीत दोघंजण बसले होते. एक निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी. उभी नोकरी मराठवाड्यातच गेलेली, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गळक्या छपरापासून ते जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीपर्यंत सगळं पाहिलेलं. दुसऱ्या ताई. अकरा हंगाम ऊस तोडलेल्या, नंतर गावात आशा म्हणून काम केलेल्या, आता ऊसतोड बायकांच्या संघटनेत. दोघांची ओळख जुनी आणि वादही तितकाच जुना. ऊसतोड मजुरांसाठी आरोग्याचं धोरण वेगळं हवं की नको?

सरांचं मत पक्कं होतं. ‘नको.’

‘एकदम नको?’

‘एकदम. ताई, मी उभ्या आयुष्यात किती खास मोहिमा पाहिल्या. बॅनर येतं, शिबिर होतं, गोळ्या वाटतात, फोटो निघतो. मार्चअखेर निधी संपला की मोहीम संपली. वेगळं दार काढलं की मोठ्या दारावरचा माणूस म्हणतो, तुमचं दार तिकडं. पाटोद्याच्या बाईला पाटोद्यात जे मिळतं, तेच कागलमध्ये मिळालं पाहिजे. तिला कुणी विचारता कामा नये की तू कुठली. एवढंच धोरण. बाकी सगळी सजावट.’

बोलण्यात दम होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं छत्र आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांवर आहे आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. रेशनचं तर सर्वांसमोर उदाहरण आहे. २०१९ मध्ये काही राज्यांपासून सुरू झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही व्यवस्था २०२२ च्या मध्यापर्यंत देशभर पोहोचली. सरांनी तेच पुढं केलं. धान्याला जमलं ते औषधाला का जमू नये?

‘धान्याचं म्हणता? कार्ड सासूकडं गावात राहतं, सर.’

‘कार्ड न्यावंच लागत नाही. नंबर आणि अंगठा पुरतो.’

ताईंनी उजवा हात टेबलावर पालथा टाकला, मग उताणा केला. ‘बघा. तोड सोडून मला किती वर्षं झाली. अजून मशीन दोनदा नाही म्हणतं, मग एकदा हो म्हणतं. कोयता धरून धरून अंगठ्यावर रेघ उरती का?’

सर हसले नाहीत. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आलेला नव्हता असं नाही. पण बैठकीतल्या सादरीकरणात अंगठा नेहमी गुळगुळीतच दाखवलेला असतो.

ताईंचं म्हणणं वेळेपासून सुरू होतं. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एक मोळी तीस-चाळीस किलोंची. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी काही तास आणि संध्याकाळी थोडा वेळ. ‘त्या वेळात आमची बाई फडात असती. तुमचं मोठं दार उघडं आहे, मी कुठं नाही म्हणते? पण ती येणार कधी? आणि आली तर खाडा.’

खाडा म्हणजे सुट्टी नव्हे. खाडा म्हणजे दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडलं तर कोयताच मोडतो, आणि एका दिवसाचे पाचशे रुपयांच्या आसपास टोळी नेणारा मुकादम हिशेबातून कापतो. हिशेब कसला? दसऱ्याआधी घेतलेल्या उचलीचा. ती फेडण्यासाठी हंगामभर राबायचं, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं. म्हणजे सरकारी दवाखान्यात केसपेपरला काही पडो न पडो, त्या बाईच्या लेखी तो दवाखाना पाचशे रुपयांचा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतो. हिशेब वाचकांनी करून पाहावा. खाड्याची भीती कुठून येते ते कळतं.

इथून बोलणं आपोआप त्या विषयाकडं वळलं, ज्यामुळं बीडचं नाव देशभर गेलं.

२०१९ साली बातम्या आल्या की ऊस तोडणाऱ्या बायका तिशीतच गर्भाशय काढून घेत आहेत. विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

‘वयोगट आणि मोजणीची पद्धत वेगळी आहे,’ सरांनी लगेच टोकलं. ‘दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.’

‘नका ठेवू. तेरा हजार आठशे एकसष्ट एकटेच ठेवा.’

काही क्षण कुणी बोललं नाही. टपरीवाल्यानं न सांगताच आणखी दोन चहा ठेवले.

मग सरांनी त्या वेळची पावलं सांगितली. खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, असा नियम बीडमध्ये आला. त्यांच्या मते हे चांगल्या प्रशासनाचं उदाहरण होतं. गुन्हा डॉक्टरचा, लगामही डॉक्टरला. पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची, हा धंदा होता. तो आवळायला वेगळं स्थलांतरित धोरण कशाला लागतं?

ताईंना लगाम मान्य होता. निदान मान्य नव्हतं. ‘सर, डॉक्टरनं भीती घातली हे खरंच. पण बाई नुसती भीतीनं गेली नाही. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, धुवायला जागा नाही. कपडा दिवसभर तसाच. अंगावर जातंय, ओटीपोट दुखतंय, आणि खाडा मांडला जातोय. तिनं हिशेब केला. एकदाची पिशवी काढली की महिन्याचे चार दिवस वाचले. पोरं झालीत, आता काय करायची पिशवी? ऑपरेशनला पैसे कुठले? उचलीतलेच. म्हणजे खाडा वाचवायला कर्ज, आणि कर्ज फेडायला आणखी तोड. तुम्ही बीडात परवानगी लावली. लातूर, बार्शी किती लांब आहे?’

‘मग काय, बंदी नको म्हणता?’

‘बंदी असू द्या. पण आजार पिशवीत होता की करारात होता, ते आधी सांगा.’

हा सगळ्या वादाचा गाभा आहे आणि या लेखकाचा कौल इथं ताईंकडं झुकतो. कंबरदुखी, हाडांची झीज, ऐन पस्तिशीत आलेलं म्हातारपण, हे सगळं दवाखान्यात दिसतं. पण घडतं ते उचल-खाड्याच्या हिशेबात. लग्नाचंही तेच. कोयत्याला जोडी लागते, जोडीला उचल जास्त, म्हणून पोरीचं लग्न लवकर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये विशीतल्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, पंचविशीत नसबंदी, तिशीत पिशवी. यातला प्रत्येक टप्पा आरोग्य विभागाच्या वेगवेगळ्या रजिस्टरात वेगवेगळ्या रकान्यात जातो.

‘पण ताई,’ सर म्हणाले, ‘मजुरीचा दर आरोग्य खातं ठरवत नाही. खाडा बंद करायचा अधिकार तालुका आरोग्य अधिकाऱ्याला नाही. ज्याच्यावर माझा ताबा नाही त्याची जबाबदारी माझ्या डोक्यावर टाकाल, तर मी जे करू शकतो तेही नीट करणार नाही. आमच्या खात्याची ही जुनी खोड आहे.’

हेही खरं होतं, आणि सरांनी ते कबूल केलं याचं ताईंनाच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं.

सरांच्या भात्यातला सगळ्यात धारदार बाण पोलिओचा. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या निम्म्याच्या आसपास. २०१० मध्ये ४२. आणि १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २०१४ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाणपत्र दिलं. हे झालं कसं? वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांच्या पालवस्त्या, कारखान्यांवरच्या कोप्या यांचे नकाशे करून. रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर, टोलनाक्यावर डोस देणारी माणसं उभी करून. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत संशय होता, तिथं मौलवींना आणि शाळामास्तरांना सोबत घेऊन.

‘आता मला सांगा, डोस वेगळा होता का? नाही. लखनौच्या साहेबाच्या पोराला तोच, कोपीवरच्या पोराला तोच. वाट वेगळी होती. मी वेगळ्या वाटेच्या विरोधात नाही, वेगळ्या डोसाच्या विरोधात आहे.’

ताई जरा वेळ गप्प राहिल्या. टपरीसमोरून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला, मागच्या ट्रॉलीत पोरं गात होती.

‘तुमचं पटतंय. पण पोलिओला सरकार कोपीवर का आलं? आमच्या पोराचा पोलिओ साहेबाच्या पोराला लागंल म्हणून. गर्भाशय कुणाला लागत नाही, सर. कंबरदुखीची साथ येत नाही.’

यावर सरांकडं उत्तर नव्हतं. करोनाच्या काळातही हेच दिसलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात अडकले होते. एप्रिलच्या मध्यात तपासणी करून त्यांना गावी सोडायचं ठरलं. एरवी हंगामभर ज्यांचा रक्तदाब कुणी पाहत नाही, त्यांची त्या आठवड्यात मात्र सगळ्यांची तपासणी ठरली.

नोंदणीवरून दोघांची बाजू चमत्कारिक पद्धतीनं उलटली. सरांना यादी हवी: कोण, कुठल्या गावचं, कुठल्या कारखान्यावर, कोण गरोदर, कुणाचा डोस राहिलाय. महिला व बालविकास विभागानं अंगणवाडीच्या लाभार्थी माता-बालकांसाठी स्थलांतराची नोंद ठेवणारी यंत्रणा काढली आहेच. ती सगळ्या आजारांना लावा, एवढंच ते म्हणत होते. ताईंनी मान हलवली. त्यांच्या टोळीत एक हंगाम पारधी कुटुंब होतं. अंगणवाडीतली बाई वही घेऊन आली की ते कुटुंब फडात निघून जायचं.

यामागं इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, पोलिसांकडं हजेरी लावायला भाग पाडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. वहीची भीती गेली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानं दहा वर्षांनी भटक्या-विमुक्तांचे प्रश्न मांडले. कागद नाहीत म्हणून योजना नाही, आणि योजना नाही म्हणून कागद करण्यात अर्थ नाही, असं हे रहाटगाडगं आहे.

‘म्हणून वही नकोच?’ सर.

‘वही हवी. पण आधी औषध द्या, मग नाव विचारा. तुमच्याकडं नेहमी उलटं असतं.’

मग सरांनीच एक उदाहरण काढलं, आणि ते स्वतःच्या विरोधात जातं हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आहे. तिथली माणसंही ऊस तोडायला जातात, बरीचशी बारडोलीच्या बाजूला, गुजरातेत. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं, अंगमेहनत जास्त झाली, थंडी लागली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. म्हणजे ऊसतोड हे काम जणू त्या झटक्यासाठीच बेतलेलं. २०२३ च्या जुलैत केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट, सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी गावात होते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नेमानं घ्यावी लागते. रुग्ण सहा महिने दुसऱ्या राज्यात.

‘इथं मात्र डोसही वेगळाच लागतो की हो,’ ताई म्हणाल्या. टोमणा नव्हता आवाजात.

‘लागतो,’ सर म्हणाले. चष्मा काढून पुसू लागले.

पैशाचं बोलणं त्या मानानं लवकर आटोपलं, कारण तिथं दोघांचं जमलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारनं, अशी रचना. महाराष्ट्रात हंगामाला साधारण दहा कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे नुसता कारखान्यांचाच वाटा शंभर कोटींच्या घरात. या पैशातून गळीत हंगामापुरता दर मोठ्या कारखान्यावर रात्री आठ ते दहा दवाखाना चालू शकतो, बायकांना संडास-न्हाणी बांधता येते, खाड्याची भरपाई देता येते. सरांना दवाखाना पटला, ताईंना भरपाई. दवाखाना कारखान्याचा नको, सरकारचाच हवा, यावर दोघंही ठाम. मालकाच्या पगारावरचा डॉक्टर ‘विश्रांती घ्या’ असं लिहून देईल का, हा प्रश्न दोघांनी एकाच वेळी विचारला.

कायद्यात एक गंमत आहे, तीही सरांनी सांगितली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा मजूर नेणाऱ्या ठेकेदारावर फुकट औषधोपचाराची जबाबदारी टाकायचा. पण तो राज्याची हद्द ओलांडली तरच. धारूरचा कोयता बेळगावला गेला तर कायद्याच्या लेखी स्थलांतरित. कोल्हापूरला गेला तर नाही. मधे अंतर किती, तर निपाणीचा घाट. केरळनं परराज्यातून येणाऱ्यांना ‘अतिथी कामगार’ म्हणत २०१७ मध्ये ‘आवाज’ नावाची विमा योजना काढली. आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलत, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारा माणूस मात्र अतिथीही ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, ती या पार्श्वभूमीवर.

अंधार पडत आला तसा फाट्यावर एक ट्रक येऊन थांबला. माल आधीच भरलेला, माणसं चढायची होती. एक कोवळी बाई कडेवरच्या बाळाला पदराखाली घेऊन ताईंजवळ आली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड पुढं केलं. काय विचारायचं ते बोलली नाही. ताईंनी कार्ड सरांकडं दिलं.

सरांनी चष्मा लावला, तारखा पाहिल्या. ‘दुसरा डोस परवाच झालाय. दहा आठवड्यांचा. आता तिसरा चार आठवड्यांनी.’ त्यांनी बोटांवर मोजलं. ‘नोव्हेंबरच्या शेवटी. बाळे, कुठल्या कारखान्यावर जाताय?’

बाईनं ट्रककडं पाहिलं. ‘कराडकडं म्हणत्यात.’

‘कराडकडं तर कितीतरी कारखाने आहेत. गाव कुठलं? टोळी कुठं उतरणार?’

‘ते मुकादमाला ठावं.’

सरांनी ताईंकडं पाहिलं. ताईंनी काही म्हटलं नाही. मुकादमाच्या वहीत कोयता नंबर, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, उचलीचा आकडा, जामीन कोण, मागच्या हंगामाची बाकी किती, कोपी कुठल्या गावाच्या शिवारात पडणार, सगळं असतं. जिल्ह्यातल्या कुठल्याच सरकारी रजिस्टरात एवढं नेमकं लिहिलेलं नसतं.

ट्रकच्या पुढच्या सीटवर बसलेला माणूस खाली उतरून तंबाखू मळत होता. सरांनी खिशातलं पेन काढलं, कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि टपरीतूनच हाक मारली.

‘अहो मुकादम, जरा वही घेऊन या इकडं.’